वाचकांचे प्रश्न : गोर्लेबेनचं मीठ आणि त्रेचाळीस वर्षांचा लढा

उत्तर जर्मनीत एल्बे नदीच्या काठी गोर्लेबेन नावाचं जेमतेम सहाशे वस्तीचं गाव आहे. अणुभट्ट्यांतला सगळ्यात घातक कचरा या गावाखालच्या मिठाच्या थरात कायमचा पुरायचा, असं १९७७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये ही जागा भूगर्भाच्या कारणांवरून यादीतून बाद झाली. तिथली खाण आता बुजवली जात आहे, ही बातमी वाचून अनेकांनी पत्रं पाठवली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : एवढ्या मोठ्या देशात हेच गाव का निवडलं? तिथे आधीपासून काही होतं का?

काहीच नव्हतं, आणि हेच एक कारण होतं. ल्यूशो-डानेनबर्ग हा जिल्हा त्या वेळच्या पश्चिम जर्मनीत सर्वांत विरळ वस्तीच्या जिल्ह्यांपैकी एक होता. तीन बाजूंनी पूर्व जर्मनीची सीमा, मोठे उद्योग नाहीत, बटाटा आणि राय (गव्हासारखं धान्य) पिकवणारे शेतकरी, पाइनची जंगलं. या भागाला वेंडलांड म्हणतात. जमिनीखाली मिठाचा प्रचंड घुमट आहे : लांबी सुमारे चौदा किलोमीटर, रुंदी चार किलोमीटरपर्यंत, माथा जमिनीपासून साधारण अडीचशे मीटरवर आणि तळ तीन किलोमीटरच्याही खाली.

२२ फेब्रुवारी १९७७ रोजी लोअर सॅक्सनी या राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी या जागेचं नाव जाहीर केलं. बेत नुसता पुरण्याचा नव्हता. वापरलेलं इंधन विरघळवून त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढणारा ‘पुनर्प्रक्रिया’ कारखाना, साठवणुकीच्या इमारती आणि खाली खाण, असं सगळं एकाच ठिकाणी उभारायचं होतं. उत्तर आणि मध्य जर्मनीत मिठाचे असे इतरही घुमट आहेत. मग हाच का, याला शास्त्रीय उत्तर द्यायचं तर आधी अनेक जागा सारख्याच कसोट्यांवर तपासायला हव्या होत्या. तशी तपासणी न होताच नाव ठरलं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे.

प्रश्न (राजापूर) : आमच्याकडे जैतापूर प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांची जमीन भूसंपादन कायद्याने घेतली गेली. गोर्लेबेनच्या लोकांना ‘नाही’ म्हणता आलं ते कसं? आणि सगळं गाव एकमुखी होतं का?

एकमुखी मुळीच नव्हतं. कचरा प्रकल्पामुळे नोकऱ्या आल्या, अणुउद्योगाकडून स्थानिक पालिकांना दरवर्षी पैसा मिळत गेला. खुद्द गोर्लेबेनच्या ग्रामपालिकेत बराच काळ प्रकल्पाच्या बाजूचं बहुमत होतं. आंदोलन ओळखलं जातं गोर्लेबेनच्या नावाने, पण त्याचं बळ आजूबाजूच्या गावांत होतं : ट्रेबेल, गार्टो, हिट्झाकर, डानेनबर्ग, ल्यूशो. मारियान्न फ्रिट्झन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जिल्ह्याची पर्यावरण नागरिक समिती आणि शेतकऱ्यांची वेगळी संघटना हे आंदोलनाचे दोन खांब. गावात फूट असते हे धरूनच त्यांनी कामाची आखणी केली. प्रकल्पात नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याशी बोलणं तोडायचं नाही, असा आग्रह समितीतल्या जुन्या मंडळींचा असे.

जमिनीबद्दल मात्र इथे एक खास कायदेशीर गोष्ट होती. जुन्या हानोव्हर प्रांतात जमिनीखालच्या मिठावर सरकारची मालकी नसे, ते जमीनमालकाचं असे. घुमटावरच्या जमिनीचा मोठा तुकडा गार्टोचे जमीनदार आंद्रेआस फोन बेर्नस्टॉर्फ यांच्या जंगलात येत होता. त्यांना कोट्यवधी मार्कांची बोली लागली, तरी त्यांनी विकायचं नाकारलं. गार्टोच्या चर्चनेही आपल्या जमिनीखालचं मीठ दिलं नाही. त्यामुळे खाणीचे बोगदे या मंडळींच्या हद्दी चुकवून खोदावे लागले आणि घुमटाचा मोठा भाग तपासायचाच राहिला. १९९८ मध्ये अणुकायद्यात दुरुस्ती करून सक्तीने संपादनाची वाट काढली गेली. पुढच्या सरकारने ती काही वर्षांतच रद्द केली.

जैतापूरशी तुलना इथपर्यंतच जाते. तिथे प्रश्न भट्ट्यांचा आहे, इथे भट्टीतून निघालेल्या कचऱ्याचा होता. पण हक्काचे कागद लढ्याच्या पहिल्याच वर्षी वाचून काढावेत, एवढं गोर्लेबेनकडून नक्की घेण्यासारखं आहे. बेर्नस्टॉर्फ यांच्या नकाराने जे साधलं ते अनेक मोर्च्यांनी साधलं नसतं.

प्रश्न (नाशिक) : मीठ तर पाण्यात विरघळतं. मग घातक कचरा मिठात पुरायची कल्पना कुणाला आणि का सुचली?

प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

मिठाचे तीन गुण खाणतज्ज्ञांना आवडतात. पहिला, अखंड मीठ कोरडं असतं. त्यातून पाणी झिरपत नाही. इथलं मीठ सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं आहे. एवढा काळ ते टिकलं, म्हणजे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, असा तर्क असतो. दुसरा गुण, मीठ उष्णता चांगली वाहून नेतं, आणि हा कचरा अनेक दशकं तापलेला राहतो. तिसरा, खोलवरच्या दाबाखाली मीठ अगदी सावकाश सरकतं. त्यात खोदलेली पोकळी वर्षानुवर्षांत आपोआप मिटत जाते आणि आतली वस्तू घट्ट वेढली जाते.

हे तिन्ही गुण खरे आहेत, पण ते टिकतात मिठाला पाणी लागत नाही तोवर. पाणी लागलं की मीठ विरघळतं, वाट रुंद होते, आणखी पाणी येतं. लोअर सॅक्सनीतच आस्से नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत कमी आणि मध्यम किरणोत्साराच्या कचऱ्याचे सव्वा लाखाच्या आसपास पिंप पुरले गेले होते. तिथे १९८८ पासून दररोज हजारो लिटर खारं पाणी आत येत आहे आणि ते पिंप आता परत वर काढायचं ठरलं आहे.

म्हणून घुमटाच्या डोक्यावर काय आहे हे मिठाइतकंच महत्त्वाचं ठरतं. गोर्लेबेनच्या वर रुपेल नावाच्या चिकणमातीचा जाड थर असायला हवा होता. अशी माती पाणी अडवते. पण हिमयुगात बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने इथे एक खोल घळ कोरली. तिला गोर्लेबेनची घळ म्हणतात. ती मातीचा थर कापत खाली गेली आणि काही ठिकाणी थेट मिठाला भिडली. पुढे तिच्यात वाळू आणि खडी भरली, आणि त्यातून भूजल वाहतं. थोडक्यात, झाकणालाच भोक होतं.

हे कळायला २०२० उजाडायची गरज नव्हती. कील विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ क्लाउस डुफोर्न यांनी विंधणविहिरींच्या नोंदींवरून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा इशारा दिला होता. इतर जागाही तपासाव्यात, असं सरकारी संस्थेतल्या तज्ज्ञांचंही मत होतं. पण १९८३ च्या अहवालात ती शिफारस राहिली नाही. पुढे संसदेच्या चौकशी समितीपुढे (२०१० ते २०१३) यावर बराच खल झाला. दरम्यान १९८६ पासून दोन उभे शाफ्ट खोदले गेले, एक ९३३ मीटर आणि दुसरा ८४० मीटर खोल. १९८७ मध्ये शाफ्टमध्ये अपघात होऊन एका खाणकामगाराचा जीव गेला. एकूण खर्च दीड अब्ज युरोंच्या पुढे गेला.

२०१३ च्या कायद्याने ‘कोरा नकाशा’ घेऊन संपूर्ण देशात सारख्या निकषांवर शोध सुरू झाला. २८ सप्टेंबर २०२० रोजी संभाव्य क्षेत्रांची पहिली यादी आली. त्यात देशाच्या निम्म्याहून अधिक भूभाग होता. गोर्लेबेन मात्र नव्हतं. वरचं आवरण शाबूत नसणं हे त्याच्या कारणांपैकी एक होतं.

प्रश्न (ठाणे) : कास्टर म्हणजे नेमकं काय? ही गाडी एवढी धोक्याची होती का? आपल्या तारापूरलाही कचऱ्याची काच करतात असं वाचलं, ती तीच का?

प्रक्रिया त्याच जातीची. वापरलेलं इंधन आम्लात विरघळवून उपयोगी धातू काढून घेतले की अतिशय किरणोत्सारी द्रव उरतो. तो वितळलेल्या बोरोसिलिकेट काचेत मिसळून पोलादी डब्यात ओततात. तारापूर आणि तुर्भ्याला हेच काम चालतं, आणि तारापूरला असे डबे हवेवर थंड ठेवायची साठवणही आहे. जर्मनीचं इंधन मात्र मुख्यतः फ्रान्समध्ये ला हाग इथे जायचं आणि काच होऊन रेल्वेने परत यायचं. पुरायची जागा तयार होईपर्यंत ते गोर्लेबेनच्या साठवणुकीच्या इमारतीत ठेवायचं होतं.

एक डबा सुमारे १.३४ मीटर उंच, ४३ सेंटिमीटर व्यासाचा, आत साधारण चारशे किलो काच. असे अठ्ठावीस डबे एका कास्टरमध्ये बसतात. कास्टर हे ओतीव लोखंडाचं नळकांडं असतं : लांबी सहा मीटर, व्यास अडीच मीटर, भिंत चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, भरल्यावर वजन शंभर टनांहून अधिक. त्याला एकावर एक दोन झाकणं असतात. मधल्या फटीत दाबाखाली हेलियम भरलेला असतो. दाब उतरला की मापक यंत्र इशारा देतं, म्हणजे कुठल्या तरी झाकणाची सील सैल झाली.

वाहतुकीत उघड झालेली मोठी चूक १९९८ ची आहे. वापरलेल्या इंधनाच्या डब्यांवर आणि वाघिणींवर बाहेरून चिकटलेला किरणोत्सार प्रति चौरस सेंटिमीटर चार बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) या मर्यादेपेक्षा बराच जास्त निघाला, आणि उद्योगाला हे काही वर्षं ठाऊक होतं. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल यांनी वाहतूक थांबवली. गोर्लेबेनकडे पुढची गाडी २००१ च्या मार्चमध्येच आली.

प्रश्न (कोल्हापूर) : शंभर टनांचे डबे आणि हजारो पोलीस. त्यांच्यापुढे साधी माणसं गाडी अडवत कशी होती? नुसती घोषणाबाजी की काही शिस्त होती?

शिस्त होती, म्हणूनच इतकी वर्षं टिकली. आधी रस्ता समजून घ्या. गाडी फ्रान्समधून निघून ल्यूनेबर्गला यायची. तिथून डानेनबर्गपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर एकेरी रूळ जंगलातून जातो. डानेनबर्गला क्रेनने एकेक डबा मोठ्या ट्रेलरवर चढवायचा आणि शेवटचे वीस किलोमीटर डांबरी रस्त्याने न्यायचा. या रस्त्याला मोजकेच पर्याय. एकेरी रूळ, एक क्रेन, एक-दोन रस्ते : अडवणाऱ्यांना या तीन जागा पुरेशा होत्या. सरकार दरवेळी रूळ आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटरच्या पट्ट्यात सभाबंदी लावायचं.

सर्वांत मोठी आणि सर्वांना जमणारी पद्धत म्हणजे ठिय्या. १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ‘एक्स हजार वेळा आडवे’ या मोहिमेने त्याचे नियम बांधले. दहा-पंधरा जणांचा एक गट, सगळे एकमेकांना आधीपासून ओळखणारे. प्रत्येक गटातून एक जण निरोप्या म्हणून बैठकीला जायचा आणि निर्णय गटाला विचारूनच घ्यायचा. पोलिसांनी इशारे दिल्यावर ज्यांना उठायचं त्यांनी उठायचं, कुणी टोमणा मारायचा नाही. बाकीच्यांना चार-चार पोलीस उचलून नेत. हात उगारायचा नाही, पळायचं नाही. बसायला पेंढा भरलेली पोती, वर ताडपत्री, कारण बहुतेक गाड्या नोव्हेंबरात यायच्या आणि रात्री पारा शून्याच्या खाली जायचा. गावोगावच्या सामुदायिक चुलींवरून सूपचे पिंप थेट रुळापर्यंत पोहोचत. २०१० मध्ये हार्लिंगेनजवळ हजारो माणसं रुळावर रात्रभर बसली. त्यांना उचलायला पोलिसांना पहाट उजाडली.

अशा ठिय्याला कायद्याचाही थोडा आधार होता. १९८५ च्या ब्रोकडॉर्फ निकालात जर्मन घटना न्यायालयाने सभास्वातंत्र्याचं महत्त्व ठासून मांडलं. १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की, नुसतं रस्त्यात बसणं ही दंडसंहितेतल्या अर्थाने ‘हिंसा’ धरता येणार नाही. दंड मात्र होतच. अनेकांना उचलून नेण्याच्या खर्चाची बिलंही आली.

दुसरी पद्धत शेतकऱ्यांची : ट्रॅक्टर रस्त्यात एकमेकांना चिकटवून लावायचे, आणि सिमेंटचा ठोकळा. २०११ मध्ये हिट्झाकरजवळ चार शेतकऱ्यांनी रुळावर सिमेंटचा पिरॅमिड ठेवला आणि त्यातल्या नळ्यांत आपले हात अडकवून बसले. बाहेरून तोडायला जावं तर हाताला इजा होणार, सोडावं तर गाडी अडकलेली. पोलिसांच्या पथकाने खूप प्रयत्न केले. सुमारे पंधरा तासांनी चौघे बोलणी करून स्वतःहून बाहेर आले. त्याआधी २००१ मध्ये ज्यूशेनडॉर्फजवळ रुळाखालच्या काँक्रीटमध्ये अडकलेल्या कार्यकर्त्यांमुळे गाडी चक्क मागच्या स्टेशनात न्यावी लागली होती. अशा अडवणुकीत गाडी बरीच आधी थांबवणारी माणसं आणि पोलिसांना लगेच कळवणारा निरोप नसेल, तर जीव जातो. २००४ मध्ये फ्रान्समध्ये असाच एक तरुण रुळावर गाडीखाली सापडून गेला. आंदोलनाने ती गोष्ट कधीही झाकली नाही. त्यानंतर रुळावरच्या कृतींबद्दल बरीच अंतर्गत चर्चा झाली.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१० ची गाडी ला हागहून गोर्लेबेनला पोहोचायला सुमारे ९२ तास लागले, २०११ च्या गाडीला १२६ तासांच्या आसपास. आणि तीच शेवटची ठरली. कुठलीही गाडी कायमची परत गेली नाही, हेही खरंच. पण प्रत्येक गाडी महाग पडली, प्रत्येक गाडी देशभर बातमी झाली, आणि घळीचा प्रश्न दरवेळी पुन्हा विचारला गेला. आमच्या मते आंदोलनाने जिंकलेली खरी गोष्ट म्हणजे वेळ. तो मिळाला नसता तर भूशास्त्रज्ञांचं म्हणणं कचरा पुरून झाल्यावर खरं ठरलं असतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : मुक्त वेंडलांड प्रजासत्ताक ही काय भानगड होती?

३ मे १९८० ला काही हजार लोकांनी ट्रेबेलजवळची १००४ क्रमांकाची विंधण जागा ताब्यात घेतली आणि तिथे लाकडाचं गाव वसवलं : झोपड्या, सभेसाठी मोठं गोल घर, चर्च, उन्हावर पाणी तापवणारं न्हाणीघर, नभोवाणी केंद्र. वेशीवर सीमाचौकी होती आणि पासपोर्टही मिळत असे. धारकाला हसता येतंय तोवर तो वैध, असं त्यावर छापलेलं होतं. ३३ दिवसांनी, ४ जूनला, पोलीस आणि सीमादलाच्या हजारो जवानांनी बुलडोझर लावून ते मोडलं. आत बसलेल्यांनी प्रतिकार न करता उचलून नेऊ दिलं. ठिय्याची पुढची सगळी शिस्त इथे घडली.

एक वर्ष आधीचा मोर्चाही लक्षात ठेवावा. मार्च १९७९ च्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन गोर्लेबेनहून राज्याची राजधानी हानोव्हरला निघाले. ते वाटेत असतानाच, २८ मार्चला, अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुभट्टीची दुर्घटना झाली. ३१ मार्चला हानोव्हरमध्ये लाखभर लोक जमले. १६ मे रोजी आल्ब्रेख्त यांनी सांगितलं की पुनर्प्रक्रिया कारखाना राजकीयदृष्ट्या उभारता येणार नाही. तो बेत तेव्हाच गेला. मिठाची खाण राहिली.

प्रश्न (पुणे) : शिक्षणासाठी हानोव्हरला जाते आहे. आज तिथे बघण्यासारखं काय आहे, आणि जायचं कसं?

हानोव्हरहून ल्यूनेबर्गला रेल्वेने या. तिथून डानेनबर्ग ओस्टची छोटी गाडी घ्या. कास्टर याच रुळावरून जायचा. दिवसात फेऱ्या मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. डानेनबर्गहून गोर्लेबेन वीस किलोमीटर. बस विरळ आहेत, सपाट मुलूख असल्याने सायकल सर्वांत बरी.

रविवारी गेलात तर दुपारी दोन वाजता खाणीजवळच्या जंगलात लाकडी क्रुसांपाशी होणाऱ्या प्रार्थनेला हजर राहा. ती १९८९ पासून चालू आहे, सर्वांना मोकळी आहे, आणि जुने कार्यकर्ते तिथे भेटतात. ल्यूशो गावात आंदोलनाचं अभिलेखागार आहे : पत्रकं, छायाचित्रं, ध्वनिफिती. आधी वेळ ठरवून जा. मे-जूनमध्ये स्वर्गारोहण दिन ते पेंटेकॉस्ट या काळात गावोगाव अंगणांत कलाप्रदर्शनं भरतात. त्याचीही सुरुवात आंदोलनातूनच झाली. आणि घरांच्या फाटकांवर, शेतांच्या बांधांवर दोन फळ्या आडव्या-तिरप्या ठोकून पिवळ्या रंगवलेला एक्स दिसेल. ‘एक्स दिवस’ म्हणजे गाडी येण्याचा दिवस. त्या दिवशी हे घर रस्त्यावर असेल, असा त्याचा अर्थ.

प्रश्न (पणजी) : जागा बाद झाली, मग आलेल्या कचऱ्याचं काय?

तो तिथेच आहे. १९९५ ते २०११ दरम्यान तेरा फेऱ्यांत आलेले मिळून ११३ कास्टर गोर्लेबेनच्या जंगलातल्या एका लांबलचक इमारतीत उभे आहेत. इमारत पंख्यांशिवाय थंड राहते : खालच्या झडपांतून हवा आत, तापून वर, छताकडच्या झडपांतून बाहेर. परवाना २०३४ अखेरीपर्यंतचा आहे. नवे डबे इथे आणायचे नाहीत, हे २०१३ मध्ये ठरलं. म्हणून नंतर परदेशातून परतलेला काचेचा कचरा बिब्लिस आणि फिलिप्सबुर्ग यांसारख्या जुन्या भट्ट्यांच्या आवारात गेला.

कायद्याने अंतिम जागा २०३१ पर्यंत निवडायची होती. शोध घेणाऱ्या कंपनीचाच अंदाज आता २०४६ ते २०६८ असा आहे. म्हणजे परवाना संपेल तेव्हा डबे हलवायला जागा नसेल, आणि मुदतवाढ मागावी लागेल. झाकणांच्या सील इतकी दशकं टिकतील का, डबा न उघडता आतली तपासणी कशी करायची, भिंती किती जाड असाव्यात, हे प्रश्न जिल्ह्याची नागरिक समिती आजही प्रत्येक सुनावणीत मांडते. समितीचं काम त्यामुळे खाण बुजवली जात असतानाही चालूच आहे.